१:२५ ची हॉट रॉड: पहिल्या किटपासून छत कापण्यापर्यंत

१:२५ या मापाची एक मोठी सोय आहे. खऱ्या गाडीवरचा एक इंच म्हणजे मॉडेलवर जवळजवळ नेमका एक मिलिमीटर. हॉट रॉड म्हणजे वेगासाठी फेरफार केलेली जुनी गाडी, आणि तिचा सगळा हिशेब इंचांत चालतो: छत तीन इंच कापलं (म्हणजे खांबांतून तेवढा तुकडा काढून छत खाली घेतलं), पुढचा ॲक्सल चार इंच खाली घेतला, बॉडी सहा इंच उतरवली. आपण तेवढेच मिलिमीटर धरायचे. कंपासपेटीतली पट्टी पुरते.

बाजारात १:२४ ची किटंही आहेत, मोनोग्राम कंपनीची जुनी बरीचशी त्याच मापाची. तरी पहिली गाडी १:२५ चीच घ्या. पुढे एका किटचं इंजिन दुसऱ्यात आणि तिसऱ्याची चाकं चौथ्याला असे उद्योग सुरू होतात, तेव्हा सगळा साठा एकाच मापाचा असलेला बरा.

ज्यांनी आजवर एकही किट जोडलेलं नाही, किंवा लहानपणी एखादं विमान जोडून सोडून दिलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नमुना म्हणून गाडी धरली आहे १९३२ ची फोर्ड. अमेरिकेत या छंदातले लोक तिला 'ड्यूस' म्हणतात, आणि तिची किटं इतर कुठल्याही हॉट रॉडपेक्षा सहज मिळतात.

आधी खरी गाडी समजून घ्या

१९३२ मध्ये फोर्डने साध्या माणसाच्या गाडीत व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचं इंजिन बसवलं. २२१ घनइंच, ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मंडळी त्या म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तलावांच्या सपाट तळावर पळवायला लागली. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी या प्रकाराला आणखी जोर दिला. जानेवारी १९४८ मध्ये 'हॉट रॉड' मासिक निघालं, १९४९ पासून युटाहमधल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर वेगाचा आठवडा भरायला लागला.

हा इतिहास मॉडेल बांधताना कामाला येतो. त्या पोरांनी मडगार्डं काढली ती वजन कमी करायला. छत कापलं ते वाऱ्याला छाती कमी मिळावी म्हणून. मागे मोठे टायर लावले की तेवढ्याच इंजिनफेऱ्यांत गाडी जास्त अंतर कापते, म्हणून मागची चाकं थोरली आणि पुढची बारीक. प्रत्येक बदलामागे काहीतरी कारण होतं. किटच्या डब्यात तुम्हाला दोन-तीन प्रकारचे बंपर, चार प्रकारची चाकं, झगमगीत दिवे असं पुष्कळ काही सापडेल. ते सगळं एकाच गाडीवर चढवायचा मोह होतो. आधी ठरवा: ही गाडी कोणाची, कुठल्या काळातली, आणि तिच्या मालकाकडे पैसे किती होते? १९४८ ची तलावावर पळणारी गाडी असेल तर तिला बंपर नसणार, आणि रुंद आधुनिक टायर तर नकोच.

किट कुठलं

रेव्हेल कंपनीच्या १:२५ मधल्या ३२ च्या फोर्डमध्ये रोडस्टर (उघडी गाडी), तीन-खिडकी कूप, पाच-खिडकी कूप (बंद छताच्या, खिडक्या समोरची काच सोडून मोजलेल्या) अशा बॉड्या मिळतात. त्यांचे भाग एकमेकांत नीट बसतात. एएमटीचे साचे पुष्कळ जुने. या कंपनीने १९५८ पासून एकाच डब्यातून तीन प्रकारे बांधता येईल अशी किटं काढली: कंपनीतून आलेली गाडी, सजवलेली गाडी किंवा शर्यतीची. त्यामुळे उरलेल्या भागांची चंगळ असते, पण कडांना पापुद्रे सुटलेले असतात आणि जोड घासून घासून बसवावे लागतात.

पहिल्यांदा रोडस्टर घ्या आणि मडगार्डांशिवाय बांधा. बॉडी चासीच्या वर जशीच्या तशी, चाकं उघडी. याला हायबॉय म्हणतात. छत नाही, बाजूच्या काचा नाहीत, मडगार्डांचे चार अवघड जोड नाहीत. शिवाय उघडी गाडी असल्याने आतलं काम सगळं दिसतं, ते वेगळंच. कूप दुसऱ्या खेपेला.

आपल्याकडे ही किटं ऑनलाइन मिळतात, स्वस्त नसतात. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर डबा बॅगेत सहज येतो. स्प्रे पेंटचे कॅन मात्र मागवू नका, विमानात नेऊ देत नाहीत.

हत्यारं

छंदाच्या दुकानातून महागडा टूलकिट घेण्याआधी गावातल्या सराफ बाजारात जा. सोनारकामाची हत्यारं विकणारं एखादं दुकान असतंच. बारीक कानशींचा संच, हाताने फिरवायचा पिन व्हाइस, ०.३ ते १ मिलिमीटरची ड्रिल बिटं, सोनाराची करवत आणि तिची बारीक पाती, टोकदार चिमटे, सगळं तिथे मिळतं. मुंबईत झवेरी बाजार आहेच. छोटा कटर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून घ्या. ११ नंबरच्या पात्याचा हॉबी नाइफ, ४०० पासून २००० पर्यंतचे वॉटर पेपर, चांगला मास्किंग टेप आणि कपड्यांचे चिमटे. झालं.

चिकटवायला मात्र प्लॅस्टिक मॉडेलचं पातळ सिमेंटच घ्या, तामियाचं हिरव्या झाकणाचं सगळीकडे चालतं. ते दोन भाग किंचित वितळवून एकजीव करतं. भाग हातात जुळवून धरायचे आणि ब्रशचं टोक फटीला टेकवायचं, पातळ सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. रंगावर ते धरत नाही, म्हणून रंगवलेल्या भागाचा जोड आधी खरवडून घ्यावा लागतो. पीव्हीसी पाइपचं सोल्युशन वापरू नका, बारीक भाग विरघळून बसतात. फेवीक्विक धातूच्या तारांना ठीक, पण काचेच्या आसपास नको. तिच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरी धुरकट साय येते आणि ती जात नाही. काचांना साधा फेविकॉल.

गोंद उघडण्याआधी

किटचे भाग प्लॅस्टिकच्या फ्रेमला जोडलेले येतात, ते ओढून तोडू नका. कटरने थोडं अंतर ठेवून कापा, मग उरलेलं टोक पात्याने आणि कानशीने साफ करा. सगळे भाग भांड्याच्या साबणाने धुऊन वाळवा. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेल वर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही.

आता पूर्ण गाडी मास्किंग टेप आणि पोरांच्या खेळायच्या क्लेवर उभी करा. चासी, बॉडी, ॲक्सल, चारही चाकं, रेडिएटरचं कवच. एक थेंबही गोंद नाही. मला विचाराल तर हॉट रॉडचं मॉडेल इथेच बनतं किंवा बिघडतं. रंग दुसऱ्यांदा मारता येतो, पण गाडीची उभी राहण्याची ठेवण चुकली तर उत्तम पॉलिशही तिला वाचवत नाही.

पुढचं आणि मागचं चाक मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. ३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच, म्हणजे मॉडेलवर साधारण १०८ मिलिमीटर यायला हवा. मग फोन टेबलावर चाकाच्या उंचीला ठेवा, जरा लांबून झूम करून बाजूचा फोटो काढा. डोळ्याला वरून जे दिसत नाही ते या फोटोत लगेच दिसतं. नाक किंचित खाली, शेपूट किंचित वर हवी. नाक वर असेल तर किटमधला खाली वाकवलेला ॲक्सल वापरा, किंवा स्प्रिंगच्या बैठकीतून एखादा मिलिमीटर घासा. मागे मोठे टायर लावून बघा. चारही चाकं टेबलाला टेकतात का, तेही आताच पाहा. एक चाक हवेत राहिलं तर नंतर कुठलाच उपाय राहत नाही.

ठेवण मनासारखी झाली की प्रत्येक ठिकाणी किती घासलं, किती उचललं ते मिलिमीटरमध्ये कागदावर लिहा आणि गाडी परत सुटी करा.

बॉडी आणि रंग

बॉडीवर, विशेषतः कोपऱ्यांवर, साच्याच्या दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ असते. ती ६०० च्या पेपरने पाणी लावून काढा. खड्डे असतील तर फ्रेमचे तुकडे सिमेंटच्या जुन्या बाटलीत रात्रभर भिजत ठेवा. एकतारी पाकाइतकं घट्ट झालं की ती उत्तम लांबी. पुरती वाळायला दोन दिवस द्या, मग घासा. दाराच्या फटी रंगाखाली बुजतात, म्हणून प्रायमरआधी पात्याच्या पाठीने त्या एकदा खोल करून घ्या.

राखाडी प्रायमरचा पातळ हात मारा. तो तुमच्या सगळ्या आळसाची यादी दाखवतो. पुन्हा घासा, पुन्हा मारा. किट लाल प्लॅस्टिकचं असेल आणि तुम्हाला पांढरी किंवा पिवळी गाडी हवी असेल तर सावध, लाल रंग वर पाझरतो आणि गाडी गुलाबी होते. मध्ये चंदेरी रंगाचा एक थर द्यावा.

हॉबी स्प्रे मिळत नसतील तर डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानातले कॅन चालतात, पण त्यांतलं थिनर कडक असतं, उघड्या प्लॅस्टिकवर भेगाळल्यासारखी जाळी उठवतं. आधी बॉडीच्या आतल्या बाजूला मारून बघा. प्रायमरचा थर भक्कम हवा आणि रंगाचे पहिले दोन हात अगदी भुरभुरते. गॅरेजवाला टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारून देतो म्हणाला तर त्याच्याकडेच मारून घ्या. त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसाला वाईट, ते घरच्या गॅलरीत करायचं काम नव्हे. साध्या स्प्रेलाही कार्बन फिल्टरचा मास्क लावा, कापडी मास्क वाफ अडवत नाही.

मेटॅलिक रंग निवडताना कण बारीक बघा. खऱ्या गाडीच्या रंगातला चमकीचा कण १:२५ वर वाटाण्याएवढा दिसतो.

पावसाळ्यात लॅकर मारू नका. हवेतली ओल त्यात अडकते आणि काळ्याभोर रंगावर दुधाळ ढग येतो. दिवाळीनंतर मार्चपर्यंतचे दिवस सगळ्यांत चांगले. कोकणात राहत असाल तर ऊन चढल्यावर, दुपारी मारा. कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ उभा ठेवला की फवारा बारीक पडतो. कोमट म्हणजे कोमटच, उकळतं नव्हे. अंतर वीस-पंचवीस सेंटिमीटर, हाताची हालचाल गाडीच्या आधी सुरू आणि गाडीच्या नंतर बंद. पंखा बंद.

वाळलं का हे बोटाने बघू नका. नाकाने बघा. रंगाचा वास येतोय म्हणजे तो अजून आतून ओला आहे. वास पूर्ण गेला की २००० च्या पेपरने साबणपाण्यात हलकं घासा आणि कंपाउंडने पॉलिश करा. कडा आणि उठावाच्या रेघा सोडून. तिथला थर सर्वांत पातळ असतो आणि दोन फेऱ्यांत खालचा प्रायमर डोकावतो.

क्रोमचा मोह

किटमध्ये क्रोमची एक पूर्ण फ्रेम येते. ती जशीच्या तशी वापरली की मॉडेलचं खेळणं होतं. हेडलाइट, मागचे दिवे, कार्ब्युरेटरवरच्या टोप्या एवढं चमकू द्या. रेडिएटरचं कवच बॉडीच्या रंगात, बाकी बहुतेक काळं किंवा ॲल्युमिनियमसारखं.

क्रोम काढायला घरचं कपड्यांचं ब्लीच पुरतं. त्या चमकीचा थर ॲल्युमिनियमचा असतो, ब्लीचमध्ये तो बघता बघता विरघळतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि त्या बरणीत किंवा त्याच मोरीत संडास साफ करायचं ॲसिडवालं लिक्विड चुकूनही पडू देऊ नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो. भाग स्वच्छ धुतल्यावर वर पिवळसर वार्निशचा थर राहतो, तो बारीक पेपरने घासून काढा. क्रोमच ठेवायचं असेल तर भाग जिथून कापला तिथला पांढरा डाग मोलोटोच्या क्रोम पेनने झाका.

इंजिन

मडगार्ड नाहीत, बॉनेट बहुतेक वेळा नाही, म्हणजे लोक आधी इंजिनच बघणार. फोर्डचा फ्लॅटहेड (वर सांगितलेलं जुनं व्ही-८) बसवणार असाल तर एक्झॉस्टच्या नळ्या मोजा: एका बाजूला तीनच, कारण मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो. १९५५ नंतरच्या काळातली गाडी असेल तर शेव्हरोलेचं (शेव्हीचं) छोटं व्ही-८ चालेल, त्याला चार नळ्या. प्लगना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटरही असाच पारखायचा. ३२ च्या फ्लॅटहेडचा पुढे, शेव्हीचा मागे, फायरवॉलला (इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला) जवळजवळ टेकून. उरलेल्या भागांतून इंजिन जुळवताना नेमकी इथे गडबड होते.

प्लगच्या वायरी घातल्या की इंजिन जिवंत वाटतं. खरी वायर साधारण आठ मिलिमीटर जाड, म्हणजे आपल्याला ०.३ मिलिमीटरची हवी. मोटार वाइंडिंगच्या दुकानात जाऊन ३० गेजची तांब्याची तार मागा. हातभर तुकड्याचे बहुधा पैसेही घेणार नाहीत. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत आठ भोकं पाडणं पिन व्हाइसने होतं, पण टोपीच जेमतेम चार मिलिमीटरची असल्याने आधी सुईने प्रत्येक जागी टोचा पाडा, नाहीतर बिट घसरतं. तारा आधी काळ्या रंगवा, मग भोकात फेवीक्विकच्या सूक्ष्म थेंबाने बसवा, चार डावीकडे, चार उजवीकडे. शेव्हीचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२ आहे. हौस असेल तर पाळा. मी पाळतो, आजवर कोणी तपासलेला नाही. टोपीच्या मध्यातून निघणारी नववी तार कॉइलला जाते, ती विसरू नका.

हेडच्या पंखांमध्ये खूप पातळ केलेला काळा रंग सोडा आणि वरचा कापडाने पुसून घ्या. उठाव आपोआप दिसतो.

जोडणी करताना चासी, इंजिन, आतली बैठक, बॉडी आणि शेवटी काच आणि दिवे असा क्रम ठेवा. टायर रिमवर सगळ्यांत शेवटी चढवा, आणि किट न बांधता ठेवणार असाल तर टायर वेगळ्या पिशवीत. त्या मऊ प्लॅस्टिकमधलं तेल कडक प्लॅस्टिकला खातं. जुन्या किटांच्या काचांवर टायरच्या खाचा उमटलेल्या असतात त्या यामुळेच.

दुसरी गाडी: छत कापणे

आता तीन-खिडकी कूप घ्या. ३२ च्या फोर्डवर हात बसवायचं कारण असं की तिचे छत धरणारे खांब बऱ्यापैकी उभे आहेत. १९४९ च्या मर्क्युरीसारख्या गोलाईच्या गाडीचं छत कापलं की वरचा आणि खालचा खांब एकमेकांच्या जवळपासही येत नाहीत. इथे फरक मिलिमीटरच्या आतबाहेर राहतो.

तीन मिलिमीटर कापा. जास्त नको. मास्किंग टेपची बरोबर तीन मिलिमीटर रुंद पट्टी कापून सगळ्या खांबांवरून आणि मागच्या खिडकीवरून एका पातळीत गोल फिरवा, जिथे खांब सर्वांत सरळ आहेत तिथे. बॉडी काचेच्या तुकड्यावर ठेवून टेपची उंची चारही कोपऱ्यांत पट्टीने तपासा. टेपच्या दोन कडा म्हणजे तुमच्या कापायच्या दोन रेघा. पात्याच्या पाठीने आधी उथळ खाच पाडा, मग सोनाराच्या करवतीने वरची रेघ कापा. छत सुटलं की खालची. करवत रेघेच्या आतून, टेपच्या बाजूने चालवा. उरलेला केसभर भाग कानशीने काढता येतो, जास्त गेलेला परत येत नाही.

छत खाली ठेवून बघा. वरचे खांब थोडे आत पडतील, कारण बॉडी वर निमुळती होत जाते. पुढचे खांब बोटांनी हळूच मागे झुकवा. फरक उरला तर छत मधोमध आडवं कापून एक मिलिमीटरची प्लॅस्टिकची पट्टी घाला. ३२ च्या छताच्या मध्यभागी मुळात कापडाचा तुकडा बसवलेला असायचा, त्यामुळे आडवा छेद त्या भागातून नेला की लपवायला सोपं जातं. नाहीतर सगळं लांबीने भरून सपाट करा. खऱ्या हॉट रॉडवालेही ते कापड काढून पत्रा भरतच होते.

प्रत्येक खांबात वर-खाली ०.४ मिलिमीटरचं भोक पाडून तांब्याच्या तारेची खिळी घाला, मग सिमेंट. नुसत्या सिमेंटवर सोडलेला खांब घासताना हमखास तुटतो. एका दिवसाने लांबी, मग तेच घासकाम, तोच प्रायमर.

आतली सीट आणि स्टीअरिंग छताला लागत नाहीत ना, हे बॉडी रंगवण्याआधी बघून घ्या. किटची काच आता तीन मिलिमीटर उंच पडते. ती कापत बसू नका, तडकते. नव्या टूथब्रशच्या किंवा बॅटरीच्या पाकिटावरचं सपाट पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, खिडकीवर कागद ठेवून आकार गिरवा, तो कापून प्लॅस्टिकवर उतरवा आणि आतल्या बाजूने फेविकॉलने चिकटवा. पांढरा दिसला तरी पुसू नका, वाळल्यावर तो पारदर्शक होतो.